बार्शीची टीम, एक लाख बायका आणि ‘कंट्रोल ग्रुप’

ऑफिसात माझं निम्मं आयुष्य ए-बी टेस्टिंगमध्ये जातं. काही लोकांना ॲपमध्ये नवं बटण दाखवायचं, बाकीच्यांना जुनंच. जुनंवाले म्हणजे कंट्रोल ग्रुप. त्यांचं काही बिघडत नाही.

आजच्या गोष्टीतल्या कंट्रोल ग्रुपमध्ये ३१,४८८ बायका होत्या.

साल १९९९. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली एक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांना शोधायचं होतं, की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत पकडायला कुठली तपासणी बरी? गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गावांना पॅप टेस्ट. काहींना व्हिनेगरवाली तपासणी, म्हणजे पातळ ॲसिटिक ॲसिड लावलं की संशयाची जागा पांढरी दिसते, लॅब लागत नाही. काहींना एचपीव्ही विषाणूची टेस्ट. उरलेल्या गावांना फक्त नेहमीची आरोग्यसेवा.

निकाल २००९ मध्ये छापून आला. आठ वर्षांत कंट्रोल ग्रुपमध्ये या कॅन्सरने ६४ मृत्यू. एचपीव्ही गटात बायका जास्त, ३४,१२६, तरी मृत्यू ३४. तेही एकदाच टेस्ट करून! बाकी दोन तपासण्यांमध्ये मृत्यूंचा असा ठळक फरक दिसला नाही.

कंट्रोल ग्रुपवरून पुढे बराच वाद झाला. एक बाजू म्हणते, गावात तपासणी नव्हतीच, मग हिरावलं काय? मला हे पूर्ण पटत नाही. पॅप टेस्ट जगात कित्येक दशकं चालू होती की.

त्याहून जास्त खटकतं ते पुढचं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही टेस्टलाच पहिली पसंती दिली. आणि आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी केलेल्या शंभरात दोनसुद्धा नव्हत्या. टेस्ट जिंकली, रिलीज अडकलं.

म्हणून आता संशोधन हवं ते या अडकण्यावर. स्वतःच नमुना घ्यायची सोय आहे. आतून तपासणीला लाजणारी बाई घरी तो घेईल का? स्वस्त टेस्ट तालुक्याला पोचेल का? आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर रोजगार बुडवून, एसटी पकडून ती उपचाराला परत येईल का? न आलेल्यांना कोण शोधणार?

स्क्रिप्ट लिहून झाल्यावर आईला फोन लावला. ती ५२ ची.

“मला कुठं काय होतंय?” म्हणाली.

“काही व्हायच्या आधीच करायची असते गं.”

“बरं, दिवाळी होऊ दे.”

तारीख मीच घेतलीय, दिवाळीच्या आधीची.