मिउरांची चढाई: ३७ ते ८६

गिर्यारोहणाचा इतिहास आपण नेहमी ‘पहिला कोण’ या प्रश्नाने वाचतो. आज एकाच माणसाची वेगवेगळी वयं पाहू.

जपानचे युइचिरो मिउरा. १९७० साली, ३७व्या वर्षी, एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून ते स्कीवर खाली निघाले. वेग आवरायला पाठीला पॅराशूट. घसरले, थोडक्यात वाचले. साठी ओलांडल्यावर तब्येत ढासळली, तेव्हा पायांना वजनं बांधून चालायला लागले. आणि बघा, २००३ मध्ये सत्तराव्या वर्षी एव्हरेस्टचा माथा गाठला! २००८ मध्ये ७५व्या आणि २०१३ मध्ये ८०व्या वर्षी पुन्हा. त्या शेवटच्या वेळी मात्र उतरताना वाटेतून हेलिकॉप्टर घ्यावं लागलं.

२०१९ मध्ये, वय ८६, ते अर्जेंटिनातल्या ६,९६१ मीटरच्या अकोंकाग्वावर गेले. सुमारे ६,००० मीटरवर सोबतच्या डॉक्टरांनी हृदयाच्या काळजीने थांबायला सांगितलं. मन पुढे ओढत होतं, तरी ते थांबले. मुलगा गोटा शिखरावर जाऊन आला.

आम्ही वर्गात इच्छास्वातंत्र्य शिकवायचो. आता आमच्याच वयाची माणसं विचारतात, डॉक्टरांचं, मुलांचं ऐकलं म्हणजे आपलं स्वातंत्र्य गेलं का? मिउरांकडे पाहून आम्हाला वाटतं, कुणाचं ऐकायचं हे जोवर आपण ठरवतो, तोवर ते आपल्याकडेच असतं.