रकान्यातला मुलगा

चंद्रपूरच्या स्थानिक वर्तमानपत्रांत जमीनखरेदीच्या नोटिशींच्या शेजारी अधूनमधून एक वेगळी जाहीर नोटीस दिसते. आमचा मुलगा आमच्या सांगण्यात नाही, त्याच्याशी आम्ही सर्व संबंध तोडले आहेत, त्याच्याशी कुणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही. खाली वडिलांचं नाव, वॉर्ड आणि वकिलाची सही. माझे वडील अर्जनवीस होते. तहसिलीच्या आवारात टेबल, टाइपरायटर आणि कार्बनचे कागद घेऊन त्यांनी आयुष्य काढलं, आणि अशा कितीतरी नोटिशी त्यांच्या हातून टाइप झाल्या. आता त्याच कामाला मी संगणकावर बसते. नोटीस लिहून देण्याआधी वडील प्रत्येकाला एक गोष्ट सांगायचे, तीच मीही सांगते: यानं तुमचं त्याच्या कर्जाशी नातं नाही एवढं जगाला कळेल, पण तुमचा मुलगा तुमचा नाही असं होणार नाही.

हा नियम फार जुना आहे. कंपनी सरकारच्या १८५० च्या एकविसाव्या कायद्यानं ठरवून टाकलं की जातीनं वाळीत टाकलं किंवा माणसानं धर्म बदलला म्हणून त्याचा वारसाहक्क बुडणार नाही. पुढे १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला. त्यानुसार बाप आपल्या कमाईचं मृत्युपत्र हवं तसं करू शकतो, पण वडिलोपार्जित जमिनीतला मुलाचा हिस्सा वर्तमानपत्रातल्या चार ओळींनी जात नाही. तरी नोटिशी थांबल्या नाहीत. मला वाटतं, त्या मालमत्तेसाठी नसतातच. भावकीसमोर, वॉर्डासमोर जाहीर बोलायला माणसाला जागा हवी असते, आणि ती त्याला तिथं मिळते.

सरकारनं मात्र वेगळी जागा केली होती, आणि त्या जागेची आमच्या जिल्ह्यातली गोष्ट मला सांगायची आहे. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर चांदा इंग्रजांकडे आला, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, आणि मेजर लुसी स्मिथ यांनी केलेल्या जमीन बंदोबस्ताचा अहवाल १८६९ मध्ये निघाला. त्या बंदोबस्तानं शेत मोजलं, मालगुजार ठरवला. माणसं मोजायचं काम मात्र कोतवालाच्या अंगावर पडलं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची खबर त्यानं ठरल्या दिवशी ठाण्यात द्यायची, आणि तिथं ती नोंदवहीत चढायची. त्या वह्यांना आमच्याकडे सगळे कोतवाल बुक म्हणतात. उर्वरित महाराष्ट्रात जे काम गाव नमुना चौदा करतो, ते विदर्भात हे पुस्तक करतं.

त्यातली एक ओळ डोळ्यांसमोर आणून बघा. तारीख. गाव. बापाचं नाव. जात. आणि शेवटी फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचं नाव बहुतेक ठिकाणी नाही, कारण बारसं व्हायच्या आधीच खबर ठाण्यात गेलेली असे. आईचं नाव तर शोधून सापडत नाही. शाई तपकिरी झालेली, कोपरे वाळवीनं खाल्लेले, आणि नक्कल काढताना बाबू दोन बोटांनी पान उलटतो. बऱ्याच गावांत हा कोतवाल महार समाजाचा असे. ज्या माणसाला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यानं पायी ठाण्यात नेलेल्या खबरीवर आज गावातले सगळे आपापली जात सिद्ध करतात. ही गोष्ट मी नक्कल घ्यायला आलेल्या तरुण मुलांना आवर्जून सांगते, कारण त्यांना ती दुसरं कुणी सांगत नाही.

सगळ्या जिल्ह्याचं दप्तर मात्र एक नाही. राजुरा आधी निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, म्हणजे आदिलाबादकडे होता. मग नांदेडमध्ये गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडला. तिकडच्या माणसाचा आजोबा शोधायचा तर उर्दू वाचणारा शोधावा लागतो. सिरोंचा १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी या वेगळ्या जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. खुद्द चांदा १९६४ च्या सुमारास चंद्रपूर झालं, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. त्यामुळे एकाच घरातली आई चांदा जिल्ह्यात जन्मलेली, मोठी मुलगी चंद्रपूर जिल्ह्यात आणि धाकटा मुलगा गडचिरोलीत, आणि तिघांची खाट मात्र एकाच ओसरीवरची, असं सहज होतं.

या जुन्या वह्यांना खरी किंमत आली ती जात पडताळणीमुळे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. सोबत वंशावळीचं शपथपत्र. आणि इथं घरातली भांडणं कागदावर येतात. धर्मांतर केलेला काका, आंतरजातीय लग्न करून गेलेली आत्या, वाटणीवरून कोर्टात गेलेला भाऊ, यांना वंशावळीतून गाळून लोक येतात. 'ते आमच्यात येत नाहीत' म्हणतात. मग दक्षता पथक गावात जातं, शाळेचं दाखलखारीज रजिस्टर काढतं, आणि गाळलेला काका नेमका तिथं सापडतो. ज्याच्याकडे सर्वांत जुना दाखला असतो तोही बहुतेक वेळा तोच निघतो. सरळ माणसाच्या अर्जावर त्यामुळे संशय येतो, आणि तो संशय फेडायला वर्षं जातात.

स्थलांतराच्या कागदांचीही आम्हाला ओळख आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं १९६० च्या दशकात रायपूरजवळच्या माना कॅम्पमधून या जिल्ह्यात आणून वसवली. चंद्रपूर शहरातला बंगाली कॅम्प सगळ्यांना माहीत आहे. मुलचेरा भागात विवेकानंदपूर, सुंदरनगर, देशबंधुग्राम, खुदिरामपल्ली ही गावं उभी राहिली. त्या पिढीचा सारा आधार कुटुंबप्रमुखाच्या नावाच्या कार्डावर आणि त्याखालच्या नावांवर होता. बापाशी भांडून रेल्वेनं निघून गेलेल्या मुलाचं नाव तिथं असलं, तर पुढे त्याच्या लेकरांना इथं बोट ठेवायला जागा राहिली. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला जन्मानं नागरिकत्व मिळतं, पण जन्म कुठं आणि कुणाच्या पोटी झाला हे दाखवायला शेवटी कागदच लागतो.

अशा कामात आयुष्य गेल्यामुळे एका बाईंचा कॅनडाचा अर्ज माझ्याकडे आला तेव्हा मला तो नवखा वाटला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या. पहिले यजमान कोळसा खाणीत होते, ते वारले. नंतर त्यांनी कॅनडातल्या मराठी गृहस्थांशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, आणि नवऱ्यानं त्यांना बोलावण्याचा अर्ज भरला. थोरल्या मुलाला आईचं हे लग्न पटलं नाही. त्यानं बोलणं टाकलं, घर सोडलं, फोन नंबर बदलला. तो सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेला. धाकटी मुलगी वीस वर्षांची, आईजवळ.

अर्जात कुटुंबाच्या माहितीचा वेगळा फॉर्म असतो, आयएमएम ५४०६. त्यात सगळी अपत्यं लिहायची असतात: सख्खी, सावत्र, दत्तक, आधीच्या लग्नाची, वय कितीही असो, कुठंही राहत असोत. बाई म्हणाल्या, "त्याचं नाव नका टाकू ताई. तो मले माय म्हणत नाई आता, मी काऊन त्याले लेक म्हणू?"

मी त्यांना चहा दिला आणि आधी नियम समजावला. कॅनडाच्या २००२ च्या नियमांनुसार अवलंबून असलेलं मूल अर्जात लपवलं आणि त्याची तपासणी झाली नाही, तर पुढे त्याला त्या आईबापानं बोलावण्याची वाट सहसा बंद होते. त्याचा त्रास इतक्या घरांना झाला की २०१९ मध्ये तिथल्या सरकारला काही कुटुंबांसाठी खास सवलत काढावी लागली. अवलंबून कोण, तर बावीस वर्षांच्या आतलं अविवाहित मूल. ही वयोमर्यादा २०१४ मध्ये एकोणीसच्या आत आणली होती, ऑक्टोबर २०१७ पासून परत वाढवली. म्हणजे धाकटीची वैद्यकीय तपासणी हवीच, ती आईसोबत जावो न जावो. थोरल्याची तपासणी नको, पासपोर्ट नको, सही नको. त्याची फक्त एक ओळ हवी. ती गाळली आणि उद्या उघडकीस आली, तर खोटी माहिती दिली म्हणून पाच वर्षांची बंदी येऊ शकते. उघडकीस यायला वेळ लागत नाही. पहिल्या यजमानांच्या खाणीतल्या सेवा नोंदीत पत्नीखाली दोन्ही मुलांची नावं जन्मतारखेसह होती, आणि तोच कागद आम्ही दुसऱ्या कारणानं जोडत होतो.

मुलाला शोधून त्याच्याकडून कागद आणा, असं सुचवणारे बाईंना भेटले होते. भावाकरवी त्याच्यावर दबाव टाका, असंही. मला ते मान्य नव्हतं. तो सज्ञान आहे. आईशी बोलायचं नाही हा त्याचा हक्क आहे, आणि अर्जाला त्याच्याकडून काही लागतही नाही. त्याच्या नावानं दुसऱ्यानं सही करायचा सल्लाही कुणीतरी दिला होता. तसलं काम माझ्या टेबलावर होत नाही, वडिलांच्या टेबलावरही कधी झालं नाही.

जन्मतारीख आम्ही नगरपरिषदेच्या जुन्या जन्मनोंदीवरून आणि सेवा नोंदीवरून घेतली. दोन्ही जुळल्या. विवाहित असं लिहिलं. व्यवसायाच्या पुढे 'माहीत नाही'. पत्त्याच्या जागी शेवटचा माहीत असलेला पत्ता आणि तो कोणत्या वर्षीचा आहे ते. खुलाशाचं पत्र वेगळं जोडलं. त्यात बाईंचा जन्म चामोर्शीचा, तेव्हा जिल्हा चंद्रपूर आणि आता गडचिरोली, हे आधी स्पष्ट केलं, कारण लांबच्या अधिकाऱ्याला ही दोन गावं वाटतात. मग मुलाबद्दल. त्या परिच्छेदाला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिल्या मसुद्यात बाईंनी त्याचे सगळे अपराध सांगितले होते. लग्नाच्या दिवशी काय बोलला, बापाच्या पैशांवरून काय बोलला. मी ते लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं, आणि विचारलं की यातलं अधिकाऱ्याला काय लागतं. त्यांनी स्वतःच एकेक ओळ काढायला सांगितली. शेवटी उरलं ते असं: माझा मुलगा सज्ञान व विवाहित आहे. माझ्या दुसऱ्या विवाहानंतर त्याने माझ्याशी संपर्क ठेवलेला नाही. त्याचा सध्याचा पत्ता मला माहीत नाही. वर दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.

या वाक्यांत राग नाही आणि माफीही नाही. कोतवाल बुकातल्या नोंदीइतकीच ती कोरडी आहेत, फक्त इथं आईचं नाव वर आहे आणि मुलाला त्याचं नाव आहे. बाईंनी फॉर्मवर नाव स्वतः टंकायला मागितलं. कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं शोधत त्यांनी ते बिनचूक लिहिलं, आडनावासकट, पहिल्या यजमानांचं.

निर्णय यायचा आहे. बाई दर आठवड्याला विचारायला येतात, आणि त्या रकान्यात पत्ता नंतर बदलता येतो का हेही विचारतात. येतो. नवीन माहिती मिळाली की अर्ज चालू असताना कळवता येते, आणि कळवायचीही असते.