हिल्टन स्मिथ : निग्रो लीगमधील एका दुर्लक्षित पिचरची कारकीर्द

प्रस्तावना :

अमेरिकेतील वर्णविभेदाचा इतिहास आपल्याकडे मुख्यतः गुलामगिरी, यादवी युद्ध आणि नागरी हक्क चळवळ या टप्प्यांतून शिकविला जातो. क्रीडाक्षेत्राचा उल्लेख आलाच तर तो जॅकी रॉबिन्सन यांच्या नावापाशी थांबतो. १८८० च्या दशकापासून सुमारे साठ वर्षे प्रमुख व्यावसायिक बेसबॉलची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. त्यासाठी कायदा करावा लागला नाही. संघमालकांचा अलिखित समझोता पुरेसा ठरला. या बहिष्काराच्या पार्श्वभूमीवर १९२० मध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटी येथे 'निग्रो नॅशनल लीग' स्थापन झाली. ('निग्रो' हा शब्द आज त्याज्य मानला जातो, येथे तो केवळ संस्थानामापुरता वापरला आहे.) या विश्वातील हिल्टन स्मिथ यांचे विस्मरण केवळ वर्णविभेदामुळे झाले असे म्हणणे अपुरे आहे. कृष्णवर्णीय बेसबॉलच्या अर्थकारणाचाही त्यात मोठा वाटा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कारकीर्द आणि तिकीटबारी :

स्मिथ यांचा जन्म १९०७ मध्ये टेक्सासमधील गिडिंग्ज येथे झाला. १९३६ ते १९४८ या काळात ते 'कॅन्सस सिटी मोनार्क्स' या संघाचे पिचर होते. पिचर म्हणजे स्थूलमानाने क्रिकेटमधील गोलंदाज. मात्र येथे तो एकटाच डावामागून डाव चेंडू टाकीत राहतो. वळणारा चेंडू, म्हणजे 'कर्व्ह', हे स्मिथ यांचे प्रमुख अस्त्र होते. १९३७ मध्ये 'शिकागो अमेरिकन जायंट्स'विरुद्ध त्यांनी प्रतिपक्षाला एकही 'हिट' मिळू दिली नाही. १९३७ ते १९४२ अशी सलग सहा वर्षे वार्षिक 'ईस्ट-वेस्ट' सामन्यासाठी त्यांची निवड झाली. फलंदाज म्हणूनही ते उपयुक्त होते.

असे असताना त्यांचे नाव मागे का पडले? याचे उत्तर सॅचेल पेज या नावात आहे. लीगच्या सामन्यांवर संघाचा खर्च भागत नसे. त्यामुळे मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन संघाला गावोगाव फिरवीत आणि स्थानिक संघांशी प्रदर्शनी सामने लावीत. प्रेक्षक येत ते पेज यांना पाहण्यासाठी. दररोज नऊ डाव टाकणे कोणत्याही खांद्याला शक्य नव्हते, म्हणून पेज पहिले तीन डाव टाकीत आणि उरलेले सहा बहुधा स्मिथ यांच्याकडे येत. जाहिरातीत नाव पेज यांचे, दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यातही तेच. यात पेज यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या नावावर जमलेल्या गल्ल्यातूनच सर्वांचे वेतन निघत होते.

१९४२ च्या 'निग्रो वर्ल्ड सिरीज'मधील दुसरा सामना या दृष्टीने बोलका आहे. पिट्सबर्ग येथे 'होमस्टेड ग्रेज'विरुद्धच्या या सामन्याची सुरुवात स्मिथ यांनी केली आणि ते परतले तेव्हा आघाडी मोनार्क्सकडे होती. नंतर पेज आले. तिन्ही बेस भरलेले असताना त्यांनी विख्यात फलंदाज जॉश गिब्सन यांना बाद केले. हा प्रसंग पुढे इतक्या वेळा आणि इतक्या रंगवून सांगितला गेला की त्या सामन्यातील पहिला पिचर कोण होता, हे सहसा कोणी विचारीत नाही.

नोंदी आणि मान्यता :

जॅकी रॉबिन्सन यांची १९४५ मध्ये मोनार्क्सकडे शिफारस करणाऱ्यांत स्मिथ होते. त्याच वर्षी ब्रुकलिन डॉजर्सने रॉबिन्सन यांना करारबद्ध केले. स्मिथ यांचे वय तोवर अडतीस झाले होते. पेज १९४८ मध्ये क्लीव्हलँड संघात गेले आणि १९७१ मध्ये 'हॉल ऑफ फेम'मध्ये निवडले गेले. स्मिथ यांना हा मान २००१ मध्ये मिळाला. त्यांचे निधन १९८३ मध्येच झाले होते.

डिसेंबर २०२० मध्ये 'मेजर लीग बेसबॉल'ने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु स्मिथ यांच्याबाबत त्याची मर्यादा जाणवते. या नोंदींत केवळ लीगचे सामने धरले जातात. १९३५-३६ मध्ये नॉर्थ डकोटातील बिस्मार्क येथे गोरे आणि काळे खेळाडू एकत्र असलेल्या संघाकडून ते खेळले, ते सामने यात नाहीत. पेज यांच्यानंतर टाकलेले प्रदर्शनी सामन्यांतील असंख्य डावही यात नाहीत. म्हणजे ज्या श्रमांवर संघ तगला, तेच श्रम अधिकृत आकड्यांबाहेर राहतात. त्यांचा शोध कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे, लहान गावांतील स्थानिक पत्रे आणि सहकाऱ्यांच्या मौखिक आठवणी यांतच घ्यावा लागतो. बक ओनील यांच्यासारखे सहकारी खेळाडू अखेरपर्यंत स्मिथ यांची थोरवी सांगत राहिले, ती याच सामन्यांच्या आधारे.