लाइमलाइटमागचा माणूस

कॉलेजच्या एकांकिकेसाठी ऑडिशन दिली, पडलो आणि लाइट्सवर बसलो. बहुतेक लाइटवाल्यांची सुरुवात अशीच होते. रंगीत तालमीच्या दिवशी भाड्याने आणलेल्या डिमरच्या पत्र्याला हात लागला आणि सणसणीत करंट बसला. अर्थिंगच नव्हतं. सामान घेऊन आलेले काका शांतपणे म्हणाले, "लाइटवाल्याला एवढं चालायचंच."

पुढे नोकरी लागली, कोड लिहायला लागलो, पण ते 'चालायचंच' डोक्यातून गेलं नाही. ते किती जुनं आहे हे शोधताना थेट एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला पोचलो.

'लाइमलाइट'मधला लाइम म्हणजे चुना. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याची कांडी तापवली की ती पांढरीशुभ्र उजळते. १८२०च्या दशकात थॉमस ड्रमंडने आयर्लंडच्या सर्वेक्षणात हा उजेड वापरला. १८३७मध्ये तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात आला. प्रत्येक दिव्यापाशी एक माणूस लागायचा. ज्योतीने कांडीला खड्डा पडतो, म्हणून ती सारखी फिरवायची. दोन्ही वायूंचं प्रमाण सांभाळायचं आणि झोत नटावर धरून ठेवायचा. हे वायू चुकीच्या जागी एकत्र आले की स्फोट. झोतातल्या नटाची नावं इतिहासात राहिली. झोत धरणारा मात्र अंधारातच बसून होता.

बाकी रंगमंच तेव्हा गॅसवर चालायचा. १८१७पासून लंडनच्या मोठ्या थिएटरांत गॅसचे दिवे आले होते. सगळ्या नळ्यांच्या चाव्या एकाच ठिकाणी आणल्या की एक माणूस अख्खा रंगमंच हळूहळू अंधारात नेऊ शकायचा. आजच्या लाइट बोर्डाचा हा खापरपणजोबा. पण पडदे कापडाचे, सेट लाकडाचा आणि मधे उघडी ज्योत.

८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरमध्ये प्रयोगाआधी रंगमंचावरचे गॅसदिवे पेटवताना आग लागली. गॅस बंद केला गेला आणि प्रेक्षागृहात काळोख झाला. वाट न दिसलेली माणसं जिन्यांत, दारांत अडकली. साडेतीनशेहून अधिक जण गेले.

बरोबर वीस दिवसांनी, २८ डिसेंबरला, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा मालक रिचर्ड डॉयली कार्ट रंगमंचावर आला. थिएटरात जोसेफ स्वानचे सुमारे १२०० विजेचे बल्ब लावले होते. त्याने एक पेटता बल्ब तलम मलमलीत गुंडाळला आणि प्रेक्षकांसमोर फोडला. बल्ब विझला. मलमलीवर डागही नव्हता. एवढा नेमका डेमो मी आयटीत एकदाही पाहिलेला नाही.

वीज आली, आग मागे हटली, धोका मात्र वायरीत शिरला. नियंत्रणाची भाषा सुधारायला तर आणखी शंभर वर्षं गेली. प्रत्येक कंपनीच्या बोर्डाची बोली वेगळी होती. १९८६मध्ये अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगमंच तंत्रज्ञांच्या संस्थेने डीएमएक्स-५१२ हे मानक आणलं. एका केबलवर ५१२ चॅनेल आणि प्रत्येकाची किंमत ० ते २५५, म्हणजे चक्क एक बाइट. आज कॉन्सर्टपासून गणपतीच्या मंडपापर्यंत लाइट्स नाचतात ते बहुतेक याच भाषेवर.

या मानकातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची कबुली. डीएमएक्समध्ये पाठवलेला आकडा बरोबर पोचला का, हे तपासायची सोयच नाही. दिवा क्षणभर लुकलुकला तर बिघडत नाही, पण फटाका चुकून उडाला तर माणूस जातो. म्हणून आतषबाजी किंवा जीवाला धोका असलेल्या यंत्रणेसाठी हे वापरू नका, असं मानकच बजावतं. 'चालायचंच' कुठे म्हणायचं आणि कुठे नाही, ही रेघ कुणीतरी कागदावर ओढली. रिंग थिएटरमध्ये नेमकी तीच नव्हती.

आपल्याकडे मात्र पावसात ट्रसवर चढलेला, पट्टा न बांधलेला पोरगा अजून दिसतो. खाली कुणीतरी म्हणत असतं, चालायचंच.

परवा एका नाटकाला गेलो होतो. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मागे वळून लाइट्सच्या खोलीच्या काचेकडे पाहिलं. आत एक मुलगी मान खाली घालून बोर्ड बंद करत होती. मनात आलं, जाऊन विचारावं: अर्थिंग आहे ना गं?