रहमीम

हिब्रू बायबलमध्ये देवाच्या दयेसाठी येणारा ‘रहमीम’ हा शब्द ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाच्याच धातूचा असून, अरबी-फारसीतून मराठीत आलेला ‘रहम’ही त्याच सेमिटिक कुळातला आहे. होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात त्याच्या मुलीचे नाव याच धातूवरून ‘लो-रुहामा’, म्हणजे जिच्यावर दया झाली नाही अशी, आणि मुलाचे ‘लो-अम्मी’, म्हणजे ‘माझे लोक नव्हेत’, असे ठेवले जाते. निष्पाप लेकरांवर लादलेली ही नावे मन हेलावून टाकतात; परंतु पुढे ती पालटतात आणि नाकारलेले लोक जिवंत देवाची मुले ठरतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती श्रद्धावंतांची ओळख याच पालटलेल्या नावांनी सांगितली आहे, त्यांच्या पुण्याईचा उल्लेखही न करता.