प्रार्थनापुस्तकाचा खर्च

इंग्लंडचा पहिला चार्ल्स आणि संसद यांचं भांडण पैशाचं की धर्माचं? मला विचाराल तर धर्माने ते पैशाच्या दारात आणून उभं केलं.

१६२९पासून अकरा वर्षं राजाने संसद बोलावलीच नाही. नव्या करांना तिची मंजुरी लागे, म्हणून किनाऱ्यावरच्या गावांकडून जहाजांसाठी घ्यायचा जुना पैसा त्याने समुद्रापासून लांबच्या परगण्यांकडूनही वसूल केला. लोक चिडले, पण गाडा चालला. आमच्या भाषेत, लोड येईपर्यंत सिस्टिम ठीक होती.

लोड त्याने स्वतःच आणला. १६३७ साली स्कॉटलंडवर इंग्रजी धर्तीचं प्रार्थनापुस्तक लादलं. तिथल्या लोकांना त्यात कॅथलिक वास आला. एडिंबरोच्या सेंट जाइल्समध्ये पहिल्याच प्रार्थनेला दंगल उसळली. (पाद्र्यावर स्टूल फेकणाऱ्या बाईची गोष्ट दंतकथा असेल, मला आवडते.) राजाने फौज काढली आणि तिजोरी आटली. एप्रिल १६४०मध्ये संसद बोलावली, तर सदस्यांनी पैशाआधी तक्रारी मांडल्या. तीन आठवड्यांत त्याने ती बरखास्त केली. मग स्कॉट फौजेने न्यूकॅसल घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा संसद बोलवावी लागली. तिने पुढच्या वर्षी कायदाच करून घेतला: आमच्या संमतीशिवाय आम्हाला बरखास्त करता येणार नाही.

त्यावर राजाने सही केली.