प्रकाश, हायड्रोजन आणि एक वजाबाकी

जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या उन्हात हायड्रोजन भरलेली काचेची बंद नळी दिवसभर ठेवली तर वायू तापेल, पण प्रकाशामुळे त्याच्या एकाही रेणूतून इलेक्ट्रॉन सुटणार नाही. उलट धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील २०१३ च्या सौर प्रकल्पात हेच ऊन सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे करते. असे का?

१९०२ मध्ये लेनार्डला आढळले, की प्रकाश प्रखर केला तर धातूतून जास्त इलेक्ट्रॉन निघतात, पण प्रत्येकाची ऊर्जा वाढत नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने कारण सांगितले: प्रकाशाची ऊर्जा ठरावीक पुड्यांनी मिळते. एका इलेक्ट्रॉनला एकच पुडी, म्हणजे फोटॉन. तो अपुरा असेल तर कितीही ऊन पडून उपयोग नाही. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातला सर्वांत जोरकस फोटॉन सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. सिलिकॉनच्या आतला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला १.१ पुरतात, हायड्रोजनच्या रेणूतून तो बाहेर काढायला १५.४ लागतात.

एवढा जोरदार अतिनील प्रकाश हवेतच शोषला जातो, म्हणून प्रयोग निर्वातात करावे लागतात. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये टर्नर यांनी हेलियमच्या दिव्याचा २१.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाश वायूंवर टाकला आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली. हायड्रोजनसाठी वजाबाकी सोपी आहे: २१.२ − १५.४ = ५.८. पण ५.८ च्या खाली आणखी बरीच शिखरे दिसतात. ही उरलेली ऊर्जा जाते कुठे? इलेक्ट्रॉन गेल्यावर मागे राहिलेला रेणू कंप पावू लागतो. कंपनात जेवढी ऊर्जा जाते तेवढी इलेक्ट्रॉनला कमी मिळते. म्हणजे बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन घरची बातमी घेऊन येतो.

असा प्रकाश आपल्या शेजारीही तयार झाला. धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला गेले की इंदूर लागते. तिथे १९९९ मध्ये 'इंडस-१' हे सिंक्रोट्रॉन यंत्र सुरू झाले.

'प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सुटतो', असे आपण वर्गात सांगतो. त्या 'पडताच'चीही तपासणी झाली आहे. २०२० मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या एकेका फोटॉनने हायड्रोजन रेणूतले दोन्ही इलेक्ट्रॉन बाहेर काढले. वेगवान इलेक्ट्रॉनची लहर दोन्ही अणूंपासून निघते, पण एकाच क्षणी नव्हे, असे दिसले. फरक जास्तीत जास्त २४७ झेप्टोसेकंद. एक झेप्टोसेकंद म्हणजे दशांशचिन्हानंतर वीस शून्ये आणि मग १, इतके सेकंद. प्रकाशाला एका अणूपासून दुसऱ्यापर्यंत जायला लागणारा वेळही तेवढाच. दोन अणूंमधले अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम घेऊन आणि त्याला प्रकाशाच्या वेगाने भागून विद्यार्थी हा आकडा फळ्यावर स्वतः काढू शकतील.